अर्धस्वयंचलित शॉटगन : निवड, खरेदी आणि मालकीची जबाबदारी

२००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक पटकावले आणि शॉटगन नेमबाजी हा खेळ देशभर चर्चेत आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक रौप्यपदक होते. त्याआधी बिकानेरचे महाराजा डॉ. कर्णीसिंह यांनी १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकाराचे रौप्यपदक मिळवले होते आणि २००६ मध्ये मानवजितसिंग संधू याच प्रकारात विश्वविजेते ठरले. या खेळाकडे वळणाऱ्या नवोदितांच्या मनात साहजिकच पहिला प्रश्न येतो तो बंदुकीचा. एकामागून एक बार काढणारी अर्धस्वयंचलित शॉटगन घ्यावी का? ती भारतात मिळते का? आणि घेतली, तर तिच्यासोबत कोणती जबाबदारी येते? या प्रश्नांचा हा आढावा.

‘ऑटोमॅटिक’ शब्दाचा घोळ

शॉटगन म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात आणि ती एका वेळी एकच गोळी दूरवर फेकते. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्या एका काडतुसातून शेकडो बारीक छर्रे बाहेर पडतात. उडत्या लक्ष्यासाठी ती वापरली जाते ती याच कारणाने.

अर्धस्वयंचलित शॉटगनमध्ये बार उडाल्यावर रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस चेंबरमध्ये येऊन बसते. मात्र प्रत्येक बारासाठी चाप नव्याने ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता बार सुरूच राहतात, ते शस्त्र पूर्ण स्वयंचलित होय. बातम्यांमध्ये आणि बोलण्यात या दोन्हींना सर्रास ‘ऑटोमॅटिक’ म्हटले जाते. याला इतिहासही कारणीभूत आहे, कारण या प्रकारातील पहिल्या यशस्वी बंदुकीचे नावच ‘ऑटो-५’ असे होते. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे.

तीन पद्धती

‘ऑटो-५’ चे जनक होते अमेरिकी संशोधक जॉन ब्राऊनिंग. विंचेस्टर कंपनीशी त्यांचे जमले नाही. रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांची भेट ठरली होती, पण त्याच दिवशी, जानेवारी १९०२ मध्ये, त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर ब्राऊनिंग यांनी ही रचना बेल्जियममधील एफएन कंपनीकडे नेली आणि तेथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे जपानमध्ये उत्पादन हलवले गेले आणि ते १९९८ पर्यंत चालले. या बंदुकीत बार उडताच नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे सरकत. बाराच्या धक्क्यानेच यंत्र चालत असे.

दुसरी पद्धत वायूवर चालणारी. नळीला असलेल्या छोट्या छिद्रांतून दारूच्या धुराचा काही भाग बाजूला घेतला जातो, तो दट्ट्या ढकलतो आणि दट्ट्या बोल्टला मागे नेतो. १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० या बंदुकीने ही पद्धत लोकप्रिय केली. या पद्धतीत धक्का थोड्या अधिक काळात विभागला जातो. त्यामुळे तो खांद्याला सौम्य वाटतो. मात्र दट्ट्यावर काजळी साचते आणि नियमित सफाई अपरिहार्य ठरते.

तिसरी पद्धत जडत्वाची. इटलीतील बेनेली कंपनीने ती नावारूपास आणली. बोल्टमध्ये एक जाड स्प्रिंग असते. बंदूक मागे उसळते तेव्हा बोल्टचा जड भाग क्षणभर जागीच राहतो, स्प्रिंग दाबली जाते आणि ती सुटताना यंत्र फिरते. या बंदुका हलक्या असतात आणि आतून स्वच्छ राहतात. परंतु त्यांचा धक्का अधिक जाणवतो आणि फार सौम्य काडतुसांवर त्या कधी कधी अडतात.

निवड करताना

तेव्हा वेगापेक्षा अन्य बाबींकडे आधी पाहावे. पहिली बाब बोअरची. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास होईल तो बारा बोअर नळीचा, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्याहून अरुंद, सुमारे १५.६ मिलिमीटरची असते. तिची बंदूक हलकी असल्याने लहान चणीच्या व्यक्तींना ती सोयीची पडते. मात्र दोन्ही बोअरच्या बंदुका घरात असतील तर काडतुसे कदापि एकत्र ठेवू नयेत. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकते. त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरून चाप ओढला, तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची बनवली जातात, ती हा घोटाळा टाळण्यासाठीच.

दुसरी बाब चेंबरच्या लांबीची. ७० आणि ७६ मिलिमीटर ही प्रचलित मापे आहेत आणि ती नळीवर कोरलेली असतात. काडतुसाची नोंदलेली लांबी ही बार उडून ते उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे ७६ मिलिमीटरचे काडतूस ७० च्या चेंबरमध्ये सहज बसते, पण ते तेथे उडवणे धोक्याचे ठरते.

तिसरी बाब म्हणजे चोक, अर्थात नळीच्या तोंडाशी असलेला निमुळतेपणा. तो जितका अधिक, तितका छर्ऱ्यांचा फैलाव कमी. स्कीटमध्ये लक्ष्य जवळून जाते म्हणून मोकळा चोक वापरतात. ट्रॅपमध्ये तबकडी दूर पळत असते म्हणून घट्ट चोक लागतो. बहुतेक नव्या बंदुकांचे चोक फिरवून बदलता येतात.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे बंदूक अंगाला बसणे. शॉटगनने नेम धरताना मागची दर्शनी नसते. नेमबाजाचा डोळाच ते काम करतो. दस्ता लांब, आखूड किंवा वाकडा असेल तर छर्रे नजरेच्या जागी जात नाहीत. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरून सरळ गेली, तर बंदूक जमली असे समजावे. डावखुऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नेहमीच्या बंदुकीतील रिकामे काडतूस उजवीकडे, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यासमोरून जाते. त्यांच्यासाठी वेगळी घडण मिळते.

वापरलेली बंदूक घेताना नळीत खोच किंवा फुगवटा नाही ना, हे उजेडात धरून तपासावे. वायूवर चालणाऱ्या बंदुकीचा दट्ट्या आणि स्प्रिंग काढून पाहाव्यात. बंदुकीवरील क्रमांक कागदपत्रांशी जुळवून घ्यावा.

मैदानावर काय चालते?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार बारा बोअरपर्यंतच्या अर्धस्वयंचलित बंदुका ट्रॅप आणि स्कीटमध्ये चालतात. पंप पद्धतीच्या बंदुकांना मात्र मनाई आहे. काडतुसातील छर्ऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित असते. असे असूनही अव्वल नेमबाजांच्या हाती दिसते ती एकावर एक नळी असलेली दुनळीच.

याचे कारण साधे आहे. ट्रॅपच्या पात्रता फेरीत एका तबकडीवर फार तर दोन बार काढता येतात आणि स्कीटमध्ये एकच. तिसऱ्या काडतुसाला तेथे स्थानच नाही. उलट दुनळीच्या दोन नळ्यांना दोन वेगळे चोक देता येतात आणि तिच्यात बिघडण्याजोगे भाग कमी असतात. अर्धस्वयंचलित बंदुकीचा खरा लाभ सौम्य धक्क्यात आहे. पात्रता फेरीत १२५ तबकड्यांवर नेम धरताना, त्याहूनही अधिक दीर्घ सरावात, तो खांद्याला उपयोगी पडतो. ‘जलद बार’ हा या बंदुकीचा गुण क्रीडांगणावर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, हे नवोदितांनी ध्यानात घ्यावे.

शिकारीचा प्रश्न

परदेशांत या बंदुकांचा मोठा ग्राहक शिकारी आहे. परंतु तेथेही काडतुसांच्या संख्येला लगाम आहे. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी शॉटगनमध्ये सामान्यतः एकूण तीनच काडतुसे मावतील, अशी खुंटी मॅगझिनमध्ये बसवावी लागते. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे तेथे १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण पाणथळ जागी पडलेले छर्रे खाऊन पक्ष्यांना विषबाधा होत असे. युरोपीय संघानेही फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ क्षेत्रांत आणि त्यांच्या आसपास शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली आहे.

भारतात हा प्रश्न कधीच निकाली निघाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने खेळ म्हणून शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच संपुष्टात आली. पूर्वजांची बंदूक घरात आहे, म्हणून तितर किंवा ससा मारण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पूर्ण स्वयंचलित शस्त्र हे ‘प्रतिबंधित शस्त्र’ आहे. अर्धस्वयंचलित शॉटगन या व्याख्येत बसत नाही. मात्र शस्त्र नियमांच्या अनुसूचीत पिस्तुले वगळता अर्धस्वयंचलित बंदुका पहिल्या, म्हणजे निर्बंधित प्रवर्गात ठेवल्या आहेत आणि त्यांच्या परवान्याचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या कक्षेत येतो. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडून मिळणाऱ्या बारा बोअरच्या नेहमीच्या परवान्यावर एकनळी किंवा दुनळी घेता येते. त्या परवान्यावर अर्धस्वयंचलित बंदूक घेता येत नाही. २० इंचांहून आखूड नळीची बंदूकही याच निर्बंधित प्रवर्गात मोडते. दुकानात पैसे मोजण्याआधी परवान्यावरील प्रवर्ग वाचणे, हा म्हणूनच खरेदीचा पहिला टप्पा ठरतो.

परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. पोलीस पडताळणी होते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. क्रीडा नेमबाजांसाठी स्वतंत्र सवलती आहेत. त्यामुळे नवोदिताने आधी एखाद्या मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्यत्व घ्यावे, तेथील बंदुकीवर सराव करावा आणि मगच स्वतःच्या बंदुकीचा विचार करावा, हा मार्ग श्रेयस्कर. दिल्लीतील तुघलकाबाद येथील डॉ. कर्णीसिंह नेमबाजी केंद्र १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी उभारले गेले आणि आजही ते शॉटगन नेमबाजीचे प्रमुख केंद्र आहे.

परदेशस्थ मराठी बांधवांसाठी

शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्यांनी तेथील नियम स्वतंत्रपणे समजून घ्यावेत. अमेरिकेत परवानाधारक दुकानातून शॉटगन घेण्यासाठी केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षे वय आणि पार्श्वभूमीची तपासणी आवश्यक असते. राज्यांचे नियम त्याहून कडक असू शकतात. विद्यार्थी किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना मात्र बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे हा मोजक्या अपवादांपैकी एक होय. मित्राची बंदूक सहज हाती घेणेही अंगाशी येऊ शकते.

ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन प्रमाणपत्रावर, मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे मावणारी अर्धस्वयंचलित बंदूक घेता येते. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर या बंदुका मुख्यतः शेतकरी आणि तबकडी नेमबाज यांच्यापुरत्या सीमित झाल्या. न्यूझीलंडने २०१९ च्या ख्राइस्टचर्च हल्ल्यानंतर बहुतांश अर्धस्वयंचलित शस्त्रांवर बंदी घातली, त्या वेळी पाचपर्यंत काडतुसांचे नळीसारखे स्थिर मॅगझिन असलेल्या शॉटगन वगळल्या.

मालकीनंतर

दुनळी मोडून धरली की ती रिकामी आहे, हे दहा पावलांवरून दिसते. अर्धस्वयंचलित बंदुकीचे तसे नाही. चेंबर रिकामे केले तरी मॅगझिनमध्ये काडतूस शिल्लक असू शकते आणि बोल्ट पुढे जाताच ते चेंबरमध्ये येते. म्हणून आधी मॅगझिन रिकामे करावे, मग बोल्ट मागे ओढून उघडा ठेवावा, डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. मैदानावर ठळक रंगाची खूण चेंबरमध्ये अडकवण्याची पद्धत आहे. घरी बंदूक कुलूपबंद कपाटात, तर काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत.

लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढण्याची हौस आता थेट गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार इतरांचा जीव धोक्यात आणणाऱ्या अशा बारासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बंदूक विकायची झाल्यास जिल्हाधिकारी किंवा ठाणे अंमलदाराला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते.

सारांश, अर्धस्वयंचलित शॉटगन ही गरज, अंगयष्टी आणि परवाना या तिन्हींचा मेळ बसला तरच घेण्याजोगी वस्तू आहे. भारतातील बहुसंख्य नवोदितांसाठी क्लबची दुनळी आणि चांगला प्रशिक्षक हीच योग्य सुरुवात ठरेल. आणि बंदूक कोणतीही असो, ती रिकामी आहे असे कोणी सांगितले तरी स्वतः तपासल्यावाचून हाती घेऊ नये.