चार लुकलुक आणि एक सॉरी

शनिवारी सकाळी सव्वासहाला मोबाइल वाजला की दोनच शक्यता असतात. एकतर अमेरिकेतला क्लायंट, नाहीतर आई. त्या दिवशी आई होती.

"अगं, तुझा डबा आज बोलतच नाहीये."

२०२२ च्या जुलैतली गोष्ट. मी पुण्यात, आई साताऱ्यात. आणि 'डबा' म्हणजे टीव्हीमागे चिकटवलेला रास्पबेरी पाय. नाव खाण्याचं वाटतं, पण आहे चक्क कॉम्प्युटर! क्रेडिट कार्डाएवढी हिरवी पाटी. केम्ब्रिजच्या एबेन अप्टन आणि मंडळींनी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून बनवलेली. २९ फेब्रुवारी २०१२ ला ती बाजारात आली तेव्हा तिची किंमत होती ३५ डॉलर. मुलांसाठी बनवलेली ही पाटी मोठ्यांनीच जास्त पळवली. कुणी त्यावर जुने गेम्स खेळतं, कुणी झाडांना पाणी घालतं. माझ्याकडचं २०१६ चं मॉडेल, पाय थ्री. त्यावर मी बाबांना ठेवलं होतं.

म्हणजे बाबांचा आवाज. बाबा मास्तर. दर दिवाळीत नरकचतुर्दशीला, फराळ झाला की ते टू-इन-वन टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचे आणि घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "यंदा काय शिकलास?" १९८६ ते १९९९, अशा १४ कॅसेट. बाबा गेल्यावर, २०१९ मध्ये, मी त्यातल्या १२ कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. दोघींची टेप बुरशीने पार गेली होती. तेव्हापासून आईचा सकाळचा चहा बाबांबरोबर. टीव्ही लावायचा, रिमोटने दिवाळी निवडायची, कप हातात घ्यायचा.

आता सांगते ती गोष्ट जिची मला लाज वाटते. उरलेल्या कॅसेटही पुढच्या पावसाळ्यात कामातून गेल्या. मूळ फायली होत्या ऑफिसच्या लॅपटॉपवर, तो नोकरी बदलताना परत केला. म्हणजे बाबांचा आवाज आता जगात एकाच जागी होता. नखाएवढ्या एका मेमरी कार्डात.

आणि माझा व्यवसाय? सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे!

आधी दिवे बघा

आईला मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तू काही हात लावलास का?" पलीकडे शांतता. मग, "नाही गं. तू सांगितल्यापासून मी त्या बटणाला हातसुद्धा लावत नाही." आवाज एकदम लहान झाला होता. मला ते कळलं, पण मी पुढे रेटलं. "काल रात्री काय झालं होतं?" "काही नाही. साडेनऊला लाईट गेली, मी झोपले."

व्हिडिओ कॉल लावला. टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. आता या पाटीची गंमत अशी की ती बिघडली तरी मुकी होत नाही. तिच्यावर दोन बारीक दिवे असतात. लाल दिवा सांगतो, पोटात वीज आहे की नाही. या मॉडेलवर व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली घसरलं की लाल दिवा विझतो किंवा फडफडतो. पाय सुरू न होण्याची निम्मी रडगाणी इथेच संपतात, कारण लोक घरातला कुठलाही मोबाइल चार्जर खुपसतात. पाय थ्रीला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा चार्जर लागतो. चार्जर चांगला असला तरी बारीक, लांबलचक केबल वाटेतच वीज खाते.

"आई, लाल दिवा कसा आहे?"

"समईसारखा. हलत नाही."

छान. म्हणजे वीज ठीक. आता हिरवा. हा दिवा कार्ड वाचलं जातंय का ते सांगतो. सगळं आलबेल असेल तर तो कसाही, अनियमित लुकलुकतो. अजिबात पेटला नाही तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा त्यात वाचण्यासारखं काही नाही. आणि ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल, तर तो चक्क सांकेतिक भाषेत तक्रार करतोय!

"चार वेळा लुकलुकतो, मग थांबतो. परत चार."

"नक्की चार?"

"अगं, मला चारपर्यंत मोजता येतं."

चार म्हणजे 'स्टार्ट' नावाची फाइल सापडत नाहीये. सात असते तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सापडत नाहीये. आठ असते तर मेमरी चिपच गेली, पाटी बदला. चार ऐकून मला बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला. पाटी जिवंत होती. बिघाड कार्डात होता. आणि कार्डात बाबा होते.

स्वारगेटहून साताऱ्याची एसटी पकडली.

घाटात सुचलेलं शहाणपण

खंबाटकी घाटात पाऊस मी म्हणत होता. खिडकीशी बसून मी पाय सुरू कसा होतो ते मनात घोकत होते. आपल्या लॅपटॉपला सुरू व्हायचं कसं ते त्याच्या बोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. पाय थ्रीमध्ये चिपच्या आत फक्त एक छोटासा मंत्र आहे: 'कार्ड शोध.' बाकी सगळं कार्डावर. आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो, तो कार्डातली पहिली फाइल उचलतो. ती फाइल 'स्टार्ट'ला उठवते, स्टार्ट सेटिंग वाचते आणि कर्नलला हाक मारते. कर्नल मग मुख्य सिस्टिम उघडतो. लग्नातल्या पंगतीसारखं. पहिल्या वाढप्याने पाट मांडले नाहीत तर पुढचे सगळे हातात भांडी घेऊन उभे. (पाय फोर आणि फाइव्हमध्ये सुरुवातीचं काम बोर्डवरच्या चिपमध्ये हलवलंय, पण स्टार्ट हरवली तर पाय फोरसुद्धा चारच वेळा लुकलुकतो.)

म्हणूनच पाय कुठे अडला ते बघितलं की चूक कुठे आहे ते कळतं. पडद्यावर इंद्रधनुष्याचे रंग येऊन तिथेच थांबला? स्टार्टपर्यंत पोचला, कर्नल मिळाला नाही. भराभर अक्षरं धावली आणि 'पॅनिक' म्हणून थांबली? कर्नल आला, पण बहुतेक मुख्य सिस्टिमचा भाग उघडेना.

पण स्टार्ट फाइल गेली कुठे? फायली आपोआप चालायला जात नाहीत.

आणि शिरवळच्या आसपास कधीतरी दाबून ठेवलेली आठवण वर आली होती, ती आता नीट समोर उभी राहिली. शुक्रवारी रात्री सव्वानऊला, पुण्यात सोफ्यावर बसून, मी नेटवरून आईच्या पायला अपडेट सोडला होता. मध्येच कनेक्शन तुटलं. मला वाटलं नेट गेलं असेल. मी लॅपटॉप मिटला आणि पिक्चर लावला.

आमच्या धंद्यात नवशिक्यालाही माहीत असलेला नियम: शुक्रवारी रात्री काही बदलायचं नाही. यार, मी स्वतः तो टीमला शिकवते!

'फॉरमॅट करू का?' नको!

घरी पोचले तर आईने पायवरची धूळ पुसून तो देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. काही बोलली नाही. पोहे टाकायला आत गेली.

मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. विंडोजने ताबडतोब विचारलं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू?' मंडळी, इथे भलेभले फसतात. कार्डाचे दोन भाग असतात. एक छोटा, सुरू होण्यापुरता, जो विंडोजला वाचता येतो. दुसरा मोठा, लिनक्सच्या पद्धतीचा, जो विंडोजला वाचताच येत नाही. म्हणून तो रिकामा समजून पुसायला निघतो. बाबा त्या दुसऱ्या भागात होते. 'नाही' दाबलं.

छोट्या भागात स्टार्ट फाइल खरंच नव्हती. म्हणजे आईने मोजलेले चार बरोबर होते.

मग मोह आवरला. मोह कसला? लगेच दुरुस्त करण्याचा! आजारी कार्डावर काहीही लिहायचं नसतं. आधी त्याची जशीच्या तशी प्रत काढायची. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला आणि डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने सगळ्या कार्डाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला लावली. हा प्रोग्रॅम वाचता येईल ते आधी उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतो. पोहे झाले, दोन चहा झाले. एकही जागा अडली नाही.

प्रतीवर डिस्कची तपासणी चालवली, मग ती उघडली. बारा फोल्डर. १९८६ पासून. सगळे.

तिथेच अपडेटची नोंदवही होती. शेवटची ओळ रात्री ९ वाजून ३१ मिनिटांची. काम अर्धवट. अपडेट म्हणजे जुनी फाइल काढून नवी ठेवणं. जुनी निघाली, नवी बसायच्या आत साताऱ्यातली लाईट गेली.

पोवई नाक्यावरून नवं कार्ड आणलं, त्यावर कोरी सिस्टिम चढवली आणि पायमध्ये घातलं. क्षणभर इंद्रधनुष्य, मग अक्षरं, मग पडदा. पाटीला काही झालं नव्हतं. बाराही दिवाळ्या त्यात टाकल्या, आणि हो, हार्ड डिस्कवर आणि नेटवरही.

आईला बाहेर बोलावलं. "तू काही केलं नव्हतंस. माझ्यामुळे झालं. सॉरी."

"मला माहीत होतं मी काही केलं नाही," आई म्हणाली. "पण तू विचारलंस ना, तर रात्री उठून काही दाबलं की काय, असं मलाच वाटायला लागलं."

तिने १९९१ ची दिवाळी लावली. खरखर, फटाके, मग बाबा. "यंदा काय शिकलीस?" आठ वर्षांची मी म्हणते, "सायकल." आई हसली. मला मात्र नवं उत्तर द्यावंसं वाटत होतं.

डबा रुसलाच तर...

• आधी लाल दिवा. चार्जर आणि केबल बदलून बघा. मोबाइलचा चार्जर वापरू नका.

• मग हिरवा दिवा. किती वेळा लुकलुकतो ते मोजा, लिहून ठेवा.

• टीव्हीची केबल आधी जोडा, वीज नंतर द्या. पाय सुरू असतो आणि टीव्हीच दिसत नसतो, असंही होतं.

• यूएसबीला लावलेलं सगळं काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

• दुसऱ्या कार्डावर कोरी सिस्टिम घालून बघा. सुरू झाला तर पाटी ठीक, दोष कार्डाचा.

• जुन्या कार्डाची आधी प्रत, मग दुरुस्ती. विंडोजने फॉरमॅट विचारलं तर 'नाही'.

• बंद करताना मेनूतून बंद करा. थेट वीज तोडू नका. लाईट जाणाऱ्या गावात छोटा यूपीएस लावा.

• आणि फोनवर आईला पहिला प्रश्न 'काय केलंस?' हा विचारू नका. 'काय दिसतंय?' असं विचारा. उत्तर तिथेच असतं.