झिजेची नक्कल

लग्नपत्रिकेचा जाड कागद सिलिंडरखाली घालायला उत्तम, हे मला आमच्या भागातल्या एका मिस्त्रींनी दाखवलं. जुन्या चेतक स्कूटरचा सिलिंडर उतरवला की तळाचं पॅकिंग हमखास फाटतं. मिस्त्रींनी पत्रिका इंजिनच्या तोंडावर धरली आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलके ठोके देत गेले. धातूची कडच कागद कापते, कात्री लागत नाही. स्टडच्या जागी बेअरिंगमधली गोळी ठेवून एक ठोका दिला की भोक तयार. पाच मिनिटांत चि. आणि चि. सौ. कां. तेलात भिजून इंजिनात बसले.

एक पत्रिका चालते, दोन नाही. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट पिस्टनच उघडतो आणि मिटतो. पॅकिंग जाड झालं की सिलिंडर तेवढा वर उचलला जातो, पोर्ट ठरल्या वेळेआधी उघडतात आणि कॉम्प्रेशन उतरतं. गाडी सुरू होते, चढावर मात्र धापा टाकते, आणि मालक बिचारा कार्बोरेटर साफ करत बसतो. आकार तर अगदी बरोबर होता! घरगुती सुट्या भागांची सगळी गोम इथेच आहे. डोळ्यांना दिसतं तेवढं उतरवता येतं, न दिसणारं राहून जातं.

चेतकचं मूळ व्हेस्पात. विमानं आणि हेलिकॉप्टरं आखणाऱ्या कोर्रादिनो दास्कानियो यांनी पियाजिओसाठी व्हेस्पा आखली, ती १९४६ मध्ये बाजारात आली. पुढे बजाजनं ती परवान्यावर बनवली. १९७१ मध्ये करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गाडी कोण मोडीत काढणार? बजाजनं स्कूटर सोडायचं जाहीर केलं ते २००९ च्या अखेरीस. तिकडे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं लॅम्ब्रेटा बनवली होती, आणि मिलानच्या इनोचेंतीनं लॅम्ब्रेटा बंद केल्यावर तिची यंत्रं लखनौला आली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटी अजून मिळतात. अडतं ते लिव्हर, रबरी बूट, झाकणं, वॉशर अशा चिल्लर वस्तूंवर.

त्यातला लिव्हर सगळ्यात फसवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ॲल्युमिनियमचा एखादा नग ओतून देणारा शोधला तर सापडतो. जुना लिव्हर वाळूत दाबायचा, उमटलेल्या साच्यात रस ओतायचा. दिसायला सोपं! पण ॲल्युमिनियम गोठून गार होताना शेकडा सव्वा ते दीड आक्रसतं. म्हणजे दीडशे मिलिमीटरचा लिव्हर सुमारे दोन मिलिमीटर आखूड निघतो. त्या नकलेवरून पुन्हा नक्कल काढली तर आणखी आखूड. शिवाय जुन्या लिव्हरचं खिळीचं भोक वर्षानुवर्षांच्या ओढीनं लांबट झालेलं असतं, तेही इमानेइतबारे नव्यात उतरतं. जाणता माणूस आधी नमुन्यावर एम-सीलचा थर चढवून माप वाढवतो, भोक बुजवतो आणि ओतून झाल्यावर ते नव्यानं ड्रिल करतो. हल्ली थ्री-डी प्रिंटिंगचं कौतुक आहे. पण त्यातलं स्वस्त पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. इंजिनाजवळचं सोडाच, वैशाखात नागपूरला उन्हात उभ्या गाडीवरही त्याचा भरवसा नाही.

केबलचं काम मात्र घरी बसून करण्यासारखं. पितळी निपलचं भोक एका बाजूनं नरसाळ्यासारखं रुंदावून घ्यायचं, तारेच्या टोकाच्या काड्या फुलासारख्या उलगडून त्यात बसवायच्या आणि मग डाग द्यायचा. काड्या न उलगडता नुसता डाग दिला तर निपल सुटते, आणि ती सुटते नेमकी सिग्नलवर, मागे बस असताना.

रबराचं शास्त्र वेगळं. स्टँडच्या बुटांना जुन्या चपलेचा तळ चालतो, पेट्रोलच्या नळाला ट्यूबचा तुकडा चालत नाही, कारण ते रबर पेट्रोलमध्ये फुगतं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, टाकी आतून गंजवतं आणि जुन्या रबराला छळतं. उसाच्या राज्यात याबद्दल तक्रार कुणाकडे करणार! नळी व्हायटॉन रबराची घ्यावी, हे बरं. टाकी वाटेत ठिबकायला लागली तर कपड्यांच्या साबणाची वडी घासावी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरापर्यंत पोचवतो. पोचल्यावर मात्र टाकी उतरवायचीच.

ब्रेक, चाकाची रिम आणि पुढचा फोर्क यांत जुगाड नको, यावर माझं मत ठाम आहे. मॅग्नेटच्या अर्धचंद्राकृती चावीऐवजी खिळा ठोकणारेही पाहिलेत. खिळा दबतो, मॅग्नेट किंचित सरकतो, ठिणगीची वेळ चुकते आणि किक मारणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात.

त्या मिस्त्रींच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कोरा लिव्हर आहे, कारखान्यातून आला तसा. तो कुठल्याही गाडीला कधी लागलेला नाही. मी दोनदा मागून पाहिला. ते मोजायला देतात, न्यायला देत नाहीत.