तो जाते, ती जाते

वऱ्हाडातल्या एखाद्या शाळेत मूल निबंध लिहिते : “माहा भाऊ वावरात जाते.” गुरुजी ‘जाते’खाली तांबडी रेघ ओढतात. पेपर तपासताना मीही अशा रेघा पुष्कळ ओढल्या आहेत. पुढे फ्रेंच भाषेची तोंडओळख झाली आणि माझा हात आखडला.

फ्रेंचमध्ये ‘जाणे’ याचा वर्तमानकाळ पाहा. ‘मी’ला ‘व्हे’, ‘तो’ला ‘व्हा’, पण ‘आम्ही’ला एकदम ‘आलों’! निरनिराळे धातू एका घरात नांदू लागले, म्हणून असे झाले. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? जातो, पण गेला. होतो, पण झाला. ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून, ‘गेला’ आला ‘गत’पासून आणि ‘झाला’ हा ‘जात’पासून. जी क्रियापदे रोज तोंडी असतात, त्यांचीच अशी जुनी वळणे टिकून राहतात. मूल ती आईजवळच शिकते.

लिहिण्यातही असेच फेर पडतात. फ्रेंच ‘मांजे’ म्हणजे खाणे आणि ‘मांजों’ म्हणजे आम्ही खातो. त्यांचे ‘ज’चे रोमन अक्षर पुढे ‘ओ’ आला की ‘ग’ वाचले जाते. म्हणून मध्ये एक मुका ‘ए’ घालतात. आपणही ‘पी’ दीर्घ लिहितो, पण ‘पितो’ ऱ्हस्व; ‘धू’ दीर्घ, पण ‘धुतो’ ऱ्हस्व.

आता वऱ्हाडीकडे या. पूर्वी ‘मी जातों’ असे डोक्यावर टिंब देऊन लिहीत आणि ‘तो जातो’ टिंबावाचून. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. प्रमाण मराठीत पुरुषाच्या तोंडी ‘मी जातो’ आणि ‘तो जातो’ ही रूपे लिहायला-बोलायला सारखीच झाली. पण अकोल्या-अमरावतीकडच्या खेड्यात ती अजून वेगळी आहेत : मी जातो, तो जाते. भाऊ जाते, आई बी जाते. कितीतरी घरांत बाईमाणूसही ‘मी जातो’ म्हणते. म्हणजे इथे क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलते, लिंगाप्रमाणे नाही. फ्रेंचचा कायदा नेमका हाच! तिथेही ‘तो’ला ‘व्हा’ आणि ‘ती’लाही ‘व्हा’.

तेव्हा पोराने नियम मोडलेला नसतो; त्याने घरचा नियम पाळलेला असतो. परीक्षेत आणि कचेरीत प्रमाण रूप लागते, ते त्याला आलेच पाहिजे. पण नुसत्या तांबड्या रेघेने ते येत नाही. मूल तेवढे बोलायचे मात्र थांबते.

गुरुजनहो, एक करून पाहा. फळ्याच्या एका बाजूला ‘भाऊ जाते’ लिहा, दुसऱ्या बाजूला ‘भाऊ जातो’. वर मथळे द्या : ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. मग फरक काय तो मुलांनाच शोधू द्या. व्याकरणाचा तास तिथूनच सुरू होईल.