शिडाच्या जहाजातून मॉरिशसला

नंदगड येथे २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णाला फाशी देण्यात आली. त्याच्या बंडामागे जमीन आणि साऱ्याचा प्रश्नही होता. ज्यांना लढणे शक्य नव्हते, अशा अनेकांनी पुढील काळात गाव सोडण्याचा मार्ग पत्करला.

१८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपुष्टात आली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईसला पोहोचले. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटू लागली. त्यांतून कोकण आणि घाटमाथ्यावरील मराठी माणसे गेली. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले.

या मजुरीच्या कराराला 'ॲग्रीमेंट'वरून 'गिरमिट' हे नाव पडले. साधारण पाच वर्षांची बांधिलकी आणि पुरुषाला महिना पाच रुपये व शिधा, असे त्याचे स्वरूप होते. शिडाचे जहाज वाऱ्यावर अवलंबून असल्याने प्रवासाला कित्येक आठवडे लागत. दाटीवाटीत रोगराई पसरे.

त्याच सुमारास, १८४५ नंतरच्या दुष्काळात, आयरिश कुटुंबेही अशाच जहाजांतून अमेरिकेकडे निघाली होती. त्यांच्याही वाट्याला भूक आणि तापाची साथ आली. मात्र किनाऱ्यावर उतरल्यावर आयरिश माणूस हवे तिथे काम शोधू शकत असे. गिरमिट्या मळेवाल्याशी करारबद्ध असे. परवानगीविना गैरहजर राहणे हा त्याच्यासाठी दंडनीय गुन्हा होता.

आप्रवासी घाटावर प्रत्येकाला क्रमांक मिळे. वहीत नाव, पित्याचे नाव, वय, जात व गाव लिहिले जाई. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही घेतले जाऊ लागले. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. आडनावाची नोंद बहुधा नसे, त्यामुळे पूर्वजाचे पाळण्यातले नावच अनेक घराण्यांचे आडनाव झाले. गावांची नावे तर परक्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी रोमन लिपीत उतरवली.

म्हणूनच मूळ गाव शोधणाऱ्या वंशजाला केवळ नकाशा पुरत नाही. वाडी, शिव आणि ग्रामदैवत यांची माहिती असलेला गावातला जाणता माणूसच त्या अक्षरांमागचे गाव ओळखू शकतो. तिकडून कुणी विचारणा करत आले, तर ती पत्त्याअभावी परत जाऊ नये, एवढे सीमाभागातील गावांना नक्कीच करता येईल.