मदरशात मोबाइलवर परीक्षा, रेंज नसली तरी!

भामरागड-एटापल्लीच्या जंगलात रेंज आत्ता असते, आत्ता नसते. म्हणून मला मूडल हे मोफत सॉफ्टवेअर फार आवडतं. शिक्षकाने 'ऑफलाइन'ची मुभा दिली, की प्रश्नपत्रिका अ‍ॅपमध्ये आधीच उतरवून घ्यायची, रेंजशिवाय सोडवायची. नेटवर्क आलं की उत्तरं पाठवायची. वेळमर्यादा लावलेली चाचणी मात्र अशी सोडवता येत नाही, म्हणून मर्यादा न लावता घड्याळ शिक्षकांनीच बघायचं. उर्दूही उजवीकडून डावीकडे नीट दिसते.

गणित, विज्ञान, मराठीसाठी हे उत्तम. राज्याच्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत हे विषयही आहेत, त्यातल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. हिफ्जची, म्हणजे कुराण पाठांतराची, परीक्षा मात्र उस्तादांसमोर तोंडीच हवी, तिथे मोबाइल नकोच.

आणि हो, आदल्या दिवशीच सगळे फोन चार्ज करून ठेवा!