थिजलेले तूप आणि जळलेली वायर

गेल्या हिवाळ्यात मानखुर्दच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाची छाती घरघरत होती. वडील मंडाळ्यातील भंगाराच्या गोदामात कामाला. मोकळ्या जागेत वायरी जाळून तांबे काढायचे. मूल तिथेच खेळायचे. मी रागावलो तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जाळून तांबं तर तसंच राहतं. मग नुकसान कसलं?"

तांब्यापुरते त्यांचे खरे होते. थंडीत थिजलेले तूप उन्हात पातळ होते, रात्री पुन्हा थिजते. तांबेही १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि निवल्यावर पुन्हा तांबेच. हा परतीचा बदल. पण उकडलेले अंडे गार केले तरी कच्चे होत नाही. तो बिनपरतीचा.

वायरीचे वेष्टण बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. ते जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. श्वासनलिकेच्या ओलाव्यात त्याचे आम्ल बनते आणि आतले अस्तर पोळते. शिवाय डायॉक्सिन नावाची घातक द्रव्ये तयार होतात. अनेक वायरींच्या वेष्टणात शिसेही असते. ते धुरातून व राखेतून मुलांच्या पोटात जाते. त्याने मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही.

आपल्या छातीतही हे दोन्ही बदल घडतात. दम लागतो तेव्हा श्वासनलिका आवळलेल्या असतात. औषधाने त्या मोकळ्या होतात. मात्र वर्षानुवर्षे धूर घेऊन फुफ्फुसातील वायुकोशांच्या भिंती फाटल्या, तर त्या सांधणारे औषध नाही.

वाचक म्हणतील, हे भंगारवाल्यांचे दुखणे, आमचे काय? पण सकाळी अंघोळीचा बंब पेटवताना आपण काय घालतो? दुधाची पिशवी, तुटकी चप्पल, सायकलचे टायर! धूर शेजाऱ्याच्या बाळापर्यंतही पोचतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा धुरामुळे परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

तेव्हा एवढे पाळा : बंबात, चुलीत प्लॅस्टिक व रबर घालू नका. वायर जाळू नका, सोला. राखेत मुलांना खेळू देऊ नका. जेवणाआधी हात साबणाने धुवा. खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा जिना चढताना धाप लागू लागली, तर छाती तपासून घ्या. मूल श्वास घेताना बरगड्या आत ओढत असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर थेट रुग्णालय गाठा.

त्या मुलाला पंपाने आराम पडला. वडील आता सुरीने वायर सोलतात. वेळ जास्त जातो खरा. पण न जाळलेले तांबे काळवंडत नाही, म्हणून भावही बरा मिळतो. मुलाची छाती वेळेवर दाखवली, म्हणून परतीच्या वाटेवर सापडली. प्रत्येकाची सापडतेच असे नाही.