निनावी जुन्या सायकलची ओळख पटते आट्यांवरून

रंग उडालेली आणि कंपनीचे नाव पुसले गेलेली जुनी सायकल फ्रेम कोणत्या देशातील, याचे उत्तर तिच्या मापांत दडलेले असते. रंग व स्टिकर बदलता येतात. नळ्यांचे आटे सहसा मूळचेच राहतात.

सर्वांत विश्वासार्ह खूण पेडलचा आस ज्या आडव्या नळीत बसतो, तेथे आढळते. ब्रिटिश पद्धतीची नळी बहुधा ६८ मिमी रुंद असून साखळीच्या बाजूचे आटे उलटे असतात. इटालियन नळी ७० मिमी रुंद आणि तिच्या आट्यांचा व्यास ३६ मिमी असतो. जुन्या फ्रेंच पद्धतीत हा व्यास ३५ मिमी. या दोन्हींत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात. व्यास ३५ मिमी, पण साखळीच्या बाजूचे आटे उलटे असल्यास ती स्विस पद्धत.

ब्रिटिश व्यास ३४.८ मिमी, म्हणजे फ्रेंच मापाच्या अगदी जवळचा. त्यामुळे खात्री न करता चुकीचा कप जोराने फिरवल्यास आटे निकामी होऊन फ्रेम वाया जाऊ शकते.

रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींत मागच्या खाचांमधील अंतर काळ सुचवते: १२० मिमी पाच गिअरचा, १२६ मिमी सहा-सात गिअरचा. अनुक्रमांक बहुधा पेडलच्या नळीखाली कोरलेला असतो. तो कानशीने घासलेला दिसल्यास सायकल चोरीची असण्याची शक्यता लक्षात घेऊन खरेदीपूर्वी मालकीचा पुरावा मागावा.